ठाण्याच्या गच्चीवरून धूलिमेघांच्या आत: न दिसणाऱ्या प्रकाशातलं निरीक्षण कसं सुरू करावं

आधी एक उदबत्ती लावा. रात्रीची वेळ धरा, पंखा बंद करा, दिवे मालवा आणि धूर सरळ वर चढू द्या. घरातल्या कुणाला तरी मोबाइलचा टॉर्च धुराच्या एका बाजूला धरायला सांगा. तुम्ही काटकोनात उभे राहा, धुरामागे अंधारा दरवाजा किंवा काळी साडी येईल असे. धुराची वेटोळी निळसर दिसतील. आता जागा बदला आणि धूर तुमच्या व टॉर्चच्या मधे येऊ द्या. तोच पांढरा उजेड आता पिवळट दिसतो, आणि धूर दाट असेल तिथे तांबूस.

धुराचे कण बारीक असतात. निळ्या प्रकाशाची तरंगलांबी आखूड, म्हणून तो या कणांना अडखळून बाजूला फेकला जातो. तांबडा जरा लांब, तो पुष्कळसा पलीकडे निसटतो. ताऱ्यांच्या मधल्या जागेत जी धूळ आहे तिचे कणही साधारण याच मापाचे, मायक्रॉनच्या (मिलिमीटरच्या हजाराव्या भागाच्या) दहाव्या हिश्शाच्या आसपासचे, काही वाळूच्या जातीच्या सिलिकेटचे आणि काही काजळीसारख्या कार्बनचे. दोन ताऱ्यांमधल्या सगळ्या वायू आणि धुळीत वजनाने धूळ फक्त १ टक्का. पण तेवढीच धूळ आपल्या आकाशगंगेचा मध्य डोळ्यांपासून पूर्ण लपवते. तिथून निघालेल्या दृश्य प्रकाशाच्या दर लाख कोटी कणांपैकी जेमतेम एखादा आपल्यापर्यंत पोहोचतो.

दुसरा प्रयोग स्वयंपाकघरातला. काचेच्या पेल्यात कोला ओता आणि फेस पूर्ण बसू द्या, नाहीतर बुडबुडेच प्रकाश उधळतात. टीव्हीच्या रिमोटचं टोक पेल्याला मागून टेकवून बटण दाबून धरा. डोळ्यांना काही दिसणार नाही. आता मोबाइलच्या पुढच्या कॅमेऱ्यातून, म्हणजे सेल्फीच्या बाजूने पाहा. मागच्या कॅमेऱ्यावर अवरक्त, म्हणजे तांबड्याच्या पलीकडचे न दिसणारे, किरण अडवणारी काच बहुधा जास्त कडक असते, म्हणून पुढचा. काळ्याभोर पेल्याच्या आरपार एक फिकट जांभळट ठिपका लुकलुकताना दिसेल. रिमोटचा प्रकाश सुमारे ०.९४ मायक्रॉनचा असतो, आपले डोळे ०.७ च्या पुढे आंधळे. कोल्यातलं रंगद्रव्य दृश्य प्रकाश गिळतं आणि याला सोडून देतं. अंतराळातल्या धुळीत कारण वेगळं आहे, तिथे कणाचं माप आणि तरंगलांबी यांचा मेळ महत्त्वाचा. तरी शिकायची गोष्ट एकच: काळं दिसतं म्हणजे तिथे काही नाही असं नव्हे, आणि अपारदर्शक हा गुण त्या वस्तूइतकाच तुम्ही वापरलेल्या प्रकाशाचाही आहे.

पुढच्या सगळ्या पायऱ्या या एका गोष्टीवर उभ्या आहेत. ‘ठाण्यातून चार तारे धड दिसत नाहीत, इथे कसलं आकाश बघायचं’ हे वाक्य मी आमच्या सोसायटीत कितीतरी वेळा ऐकलंय. धूमकेतू, दीर्घिका यांच्याबाबतीत त्यात तथ्य आहे. पण ताऱ्यांचा जन्म जिथे होतो ते मेघ पाहायचे असतील तर घोडबंदर रोडचे दिवे, पाम बीचचे दिवे आणि कोकणचा पावसाळा यांची अडचण वाटते त्याहून पुष्कळ कमी आहे.

पहिली पायरी: जागा डोळ्यांनी ओळखा

संगणकाकडे वळण्याआधी दोन ठिकाणं स्वतःच्या डोळ्यांनी पाहून ठेवा. नंतर पडद्यावर दिसणारं चित्र नेमकं कुठलं, हे अंगात भिनायला त्याने मदत होते.

पहिलं ठिकाण मृग नक्षत्र. जानेवारीच्या शेवटी रात्री पावणेदहाच्या सुमारास ते दक्षिणेला उंचावर असतं. व्याधाने मारलेला तीन ताऱ्यांचा बाण सगळ्यांना ठाऊक असतो. त्या बाणाच्या खाली, दक्षिणेकडे, फिकट ठिपक्यांची एक छोटी उभी ओळ आहे. तिचा मधला ठिपका पुसट दिसतो. तो मृगातला मोठा तेजोमेघ, सुमारे १३५० प्रकाशवर्षं दूर. ठाण्याच्या गच्चीवरून १०×५० च्या साध्या द्विनेत्रीत तो राखाडी कापसाच्या पुंजक्यासारखा दिसतो. लहान दुर्बीण असेल तर मधोमध चार ताऱ्यांचा जुडगा सुटा होतो. रंग शोधू नका. मंद उजेडात आपल्या डोळ्यांतल्या रंग ओळखणाऱ्या पेशी काम करत नाहीत, त्यामुळे शेजारच्याच्या मोबाइलवरचा गुलाबी फोटो आणि तुमचा राखाडी पुंजका दोन्ही खरे आहेत.

हा पुंजका म्हणजे मेघाचं तोंड आहे. त्या चार तरुण, तप्त ताऱ्यांच्या अतिनील किरणांनी आपल्याकडच्या बाजूने मेघ पोखरून एक पेटता खळगा तयार केलाय. खरा थंड मेघ त्याच्या मागे आहे, काळोखात, आणि तिथे ताऱ्यांची पुढची पिढी आत्ता घडतेय.

दुसरं ठिकाण वृश्चिकेतली तांबूस ज्येष्ठा. मेअखेरीस ती रात्री साडेबारा-पाऊणला दक्षिणेकडे, क्षितिज आणि माथा यांच्या बरोबर मध्यावर येते. तिच्या वरच्या अंगाला, भुजंगधारी तारकासमूहाच्या हद्दीत, सुमारे ४०० प्रकाशवर्षांवर आपल्याला जवळच्या तारा-जन्मस्थानांपैकी एक आहे. शहरातून तिथे काहीच दिसणार नाही. तरीही पाच मिनिटं त्या ‘काहीच नाही’कडे बघून घ्या, कारण पुढे परत तिथेच यायचंय.

अंधारं आकाश हवंच असेल तर वांगणी ठाणेकरांना लोकलने गाठता येते आणि खगोलप्रेमी वर्षानुवर्षं तिथे जातात. येऊरला रात्री जाऊ नका. ते राष्ट्रीय उद्यानाचं जंगल आहे, बिबट्यांचा वावर आहे, आणि आकाश तिथेही शहराच्या उजेडाने उजळलेलंच असतं.

दुसरी पायरी: कुठला प्रकाश काय दाखवतो

विल्यम हर्शेलने १८०० साली लोलकातून सूर्यप्रकाश पाडला आणि रंगपट्ट्यातल्या प्रत्येक रंगात तापमापक ठेवला. तांबड्याच्या पलीकडे, जिथे डोळ्यांना उजेडच दिसत नव्हता, तिथे पारा सर्वांत वर चढला. अवरक्त प्रकाशाची ओळख ती अशी.

लक्षात ठेवायला एक सूत्र पुरे. २८९८ ला वस्तूच्या केल्विनमधल्या तापमानाने भागा, की ती वस्तू कुठल्या तरंगलांबीला सर्वांत जास्त झळकते ते मायक्रॉनमध्ये मिळतं. तुमचं शरीर ३१० केल्विन, म्हणजे साधारण ९ मायक्रॉन. तारा जन्माला येण्याआधीची १५ केल्विनची थंड धूळ, म्हणजे १९० मायक्रॉनच्या आसपास. तरंगलांबी धूळकणांपेक्षा बरीच मोठी झाल्याने धूलिमेघ जवळच्या अवरक्तात, १ ते २ मायक्रॉनला, पारदर्शक होत जातो आणि मागचे तारे दिसू लागतात. मधल्या अवरक्तात, ५ ते ३० मायक्रॉनला, तापलेली धूळ आणि बाळताऱ्यांभोवतीच्या तबकड्या उजळतात. दूर अवरक्तात, १०० मायक्रॉनच्या पुढे, मेघ स्वतःच दिव्यासारखा दिसतो. जो भाग डोळ्यांना सर्वांत काळा, तोच इथे सर्वांत उजळ. रेडिओच्या प्रदेशात धुळीची अडचण उरतच नाही, आणि तिथे वायूचा वेगही मोजता येतो.

मग हे सगळं जमिनीवरून का बघत नाहीत? कारण हवेतली वाफ. जुलैत ठाण्यात वाळत घातलेला टॉवेल दोन दिवस ओला राहतो, ती वाफ दूर अवरक्त जवळजवळ पूर्ण गिळते. म्हणून आपल्याकडची २ मीटरची हिमालयन चंद्रा दुर्बीण लडाखात हानलेला, ४५०० मीटरवर आहे. कुलाब्याच्या टीआयएफआर या मूलभूत संशोधन संस्थेने १९८० च्या दशकापासून १ मीटरची दूर-अवरक्त दुर्बीण हैदराबादहून बलूनला बांधून वातावरणाच्या वरच्या थरांत पाठवली आणि ताऱ्यांच्या जन्मस्थानांचे नकाशे काढले. लोकलने जाता येईल इतक्या जवळच्या संस्थेत हे काम झालंय, आणि आपल्या मुलांना ते शाळेत कुणी सांगत नाही याचं मला वाईट वाटतं.

दुसरी अडचण अशी, की दुर्बीण स्वतः गरम असेल तर तीच झळकते. त्यामुळे अवकाशातल्या अवरक्त दुर्बिणी थंड ठेवाव्या लागतात. १९८३ मध्ये आयरास उपग्रहाने सुमारे १० महिन्यांत ९६ टक्के आकाश १२, २५, ६० आणि १०० मायक्रॉनला पाहिलं, आणि द्रवरूप हेलियम संपला तेव्हा काम थांबलं. साडेतीन मीटरच्या आरशाची हर्शेल अवकाश दुर्बीण २००९ मध्ये गेली, तिचाही हेलियम एप्रिल २०१३ मध्ये संपला. डिसेंबर २०२१ मध्ये गेलेल्या जेम्स वेबचा आरसा साडेसहा मीटरचा. तिच्या मधल्या अवरक्ताच्या उपकरणाला ७ केल्विनच्याही खाली थंड ठेवावं लागतं.

यातल्या बहुतेक दुर्बिणींनी काढलेली चित्रं आज कुणालाही फुकट पाहता येतात. आपलं खरं निरीक्षण इथून सुरू होतं.

तिसरी पायरी: एकच जागा, अनेक प्रकाश

मोबाइलवर चालतं, पण लॅपटॉप बरा. ब्राउझरमध्ये अलादिन लाईट उघडा. फ्रान्समधल्या स्ट्रासबुर्गच्या खगोलीय माहिती केंद्राने बनवलेला हा आकाशाचा नकाशा आहे. युरोपीय अवकाश संस्थेचा ईएसए-स्कायही तितकाच चांगला, पण सुरुवातीला एकच धरून बसा. शोधचौकटीत ठिकाणाचं नाव टाकायचं, आणि ‘लेयर’ म्हणजे थर बदलायचे. जागा तीच राहते, प्रकाश बदलतो.

पहिल्यांदा बाणाच्या पूर्वेकडच्या ताऱ्याजवळचा घोड्याच्या तोंडाचा मेघ उघडा, खगोलशास्त्रज्ञ बार्नार्डच्या काळ्या मेघांच्या यादीतला क्रमांक ३३. १८८८ साली हार्वर्डमध्ये काढलेल्या काचेच्या फोटोत तो विल्यमिना फ्लेमिंगला सापडला. डीएसएस नावाच्या दृश्य प्रकाशाच्या थरात मागे लाल पडदा आणि पुढे काळा घोडा दिसेल. आता टूमासचा थर लावा. १९९७ ते २००१ या काळात अमेरिकेत आणि चिलीत ठेवलेल्या १.३ मीटरच्या दोन दुर्बिणींनी केलेली ही जवळच्या अवरक्ताची पाहणी. लाल पडदा नाहीसा होतो, कारण तो हायड्रोजनच्या दृश्य प्रकाशाचा होता, आणि घोडा फिकट पडतो. मग हर्शेलचा दूर अवरक्ताचा थर लावा. आता घोड्याचं काळं तोंड उजळ झालेलं असेल.

घाई करू नका. हे थर पाच-सात वेळा पुढेमागे करा. मी मुलांना पडद्याला हात न लावता आधी वहीत काढायला लावते: काळं कुठे, उजळ कुठे, पुढच्या थरात काय होईल असं वाटतं. अंदाज चुकला की कारण शोधायचं. एका संध्याकाळी तीनच थर पाहिले तरी चालतील.

आता बार्नार्ड ६८. माझ्या मते नवशिक्याला याहून चांगला गुरू आकाशात नाही. भुजंगधारीत, ज्येष्ठेपासून पूर्वेला, आकाशगंगेच्या दाट ताऱ्यांवर शाईचा डाग पडावा तसा हा छोटा मेघ आहे. अंतर ४०० ते ५०० प्रकाशवर्षं, रुंदी जेमतेम अर्धं प्रकाशवर्ष, वस्तुमान सुमारे दोन सूर्यांएवढं, तापमान १० केल्विनच्या आसपास. आत अजून तारा पेटलेला नाही. नकाशाची चौकट १० कलांच्या (कला म्हणजे अंशाचा साठावा भाग) आसपास ठेवा. दृश्य थरात डागाच्या आत एकही तारा दिसणार नाही. टूमासमध्ये कडेकडेने तारे उगवायला लागतात, सगळे लालभडक. मेघ तुमच्यासमोर गाळणीसारखा काम करतोय.

इथे थोडं गणित करू, आठवी-नववीच्या मुलालाही जमेल. अलादिनमध्ये टूमासची ताऱ्यांची यादी चित्रावर चढवता येते. ताऱ्यावर टिचकी मारली की जे, एच आणि के या तीन पट्ट्यांतल्या त्याच्या प्रती मिळतात. जे म्हणजे १.२५, एच १.६५ आणि के सुमारे २.२ मायक्रॉन. प्रत म्हणजे तेजाचा आकडा. तो जितका मोठा तितका तारा मंद, आणि पाच प्रतींचा फरक म्हणजे तेजात १०० पट फरक.

मेघाच्या बाहेरचे आठ-दहा तारे घ्या. प्रत्येकाच्या एच प्रतीतून के प्रत वजा करा आणि सरासरी काढा. हा तुमचा मूळ रंग. मग मेघाच्या आतल्या कडेचे तारे घ्या आणि तेच करा. आतल्या ताऱ्याचा आकडा मोठा येईल, कारण धूळ एचला केपेक्षा जास्त अडवते. समजा बाहेरची सरासरी ०.२ आली आणि आतल्या एका ताऱ्याची १.१. फरक ०.९. याला १५.९ ने गुणा. १४.३ आलं. दृश्य प्रकाशात तो तारा १४.३ प्रतींनी, म्हणजे सुमारे ५ लाख पट मंद झालाय. के पट्ट्यात मात्र फक्त चारेक पट. दृश्य फोटोत तो का नाही आणि इथे का आहे, याचं उत्तर तुम्ही स्वतः मोजून काढलंत.

कडेपासून आत जात असे वीस तारे मोजा, वहीत मेघाचं चित्र काढून प्रत्येक जागी आकडा लिहा, आणि मेघ आतल्या बाजूला कसा दाट होत जातो त्याचा नकाशा तुमच्या हाताने तयार होईल. २००१ साली खगोलशास्त्रज्ञांनी याच पद्धतीने या मेघाची आतली रचना काढली. त्यांच्याकडे जास्त खोलवर घेतलेल्या प्रतिमा होत्या, मेघाआडचे हजारांहून अधिक तारे त्यांना मिळाले. टूमासमध्ये गाभ्यात तारे सापडणार नाहीत, तिथे रिकामी जागा सोडा. आकडा नसेल तिथे अंदाज भरू नका.

यानंतर ज्येष्ठेजवळच्या त्या ‘काहीच नाही’कडे परत या. ऑलवाइजचा थर लावा. वाइज उपग्रह डिसेंबर २००९ मध्ये गेला आणि त्याने आकाश ३.४, ४.६, १२ आणि २२ मायक्रॉनला पाहिलं. गच्चीवरून जिथे शहराचा करडा उजेड तेवढा दिसला होता, तिथे पेटलेल्या वणव्यासारखी रचना पसरलेली असेल. १२ मायक्रॉनमधली चमक बरीचशी कार्बनच्या साखळ्या-चकत्यांच्या रेणूंची असते. तसलेच रेणू वाहनांच्या धुरात आणि करपलेल्या अन्नातही असतात. २२ मायक्रॉनला लालबुंद दिसणारे ठिपके म्हणजे धुळीच्या कोशात गुरफटलेले बाळतारे असू शकतात.

‘असू शकतात’ हे मुद्दाम लिहिलं. दूरच्या दीर्घिका आणि धूळ ओकणारे म्हातारे तारेसुद्धा असेच लाल दिसतात. ठिपका मेघाच्या आतच आहे का, आसपास तसेच आणखी आहेत का, हे आधी पाहा. आणखी एक फसगत: मृगाच्या मोठ्या तेजोमेघाच्या गाभ्यासारख्या अतितेजस्वी जागी लांब तरंगलांबीच्या डिटेक्टरची क्षमता संपते आणि चित्रात काळं भोक किंवा विचित्र पट्टे उमटतात. मी एकदा अशा भोकाला दाट धूलिमेघ समजून अख्खा रविवार त्याच्यामागे घालवला. काळा भाग खरा की यंत्राचा, हे ठरवायला दुसऱ्या दुर्बिणीचा थर लावून बघायचाच.

चौथी पायरी: रंग स्वतः भरा

तयार चित्रांतले रंग कुणीतरी भरलेले असतात. अवरक्ताला आपल्या डोळ्यांसाठी रंग नाही. नियम साधा आहे: सर्वांत आखूड तरंगलांबीला निळा, मधलीला हिरवा, सर्वांत लांबीला लाल. स्कायव्ह्यू या नासाच्या सेवेतून एकाच जागेच्या तीन फिट्स फायली (खगोलीय चित्रं साठवायचा ठरलेला प्रकार) उतरवा. केंद्रबिंदू, चौकटीचा आकार आणि पिक्सेलची संख्या तिन्हींत सारखी ठेवा, म्हणजे चित्रं एकमेकांवर नीट बसतात. डीएस-नाईन हा फुकट प्रोग्राम उघडून तीन रंगांत तिन्ही भरा आणि प्रमाण ‘लॉग’ करा, नाहीतर मधला उजेड सगळं गिळून टाकतो. ज्येष्ठेजवळच्या मेघासाठी टूमासचा के, वाइजचा १२ आणि २२ मायक्रॉन, हे त्रिकूट चांगलं दिसतं. जुलै २०२३ मध्ये जेम्स वेबच्या पहिल्या वर्षपूर्तीला याच मेघाच्या एका छोट्या तुकड्याचं चित्र प्रसिद्ध झालं, तेही शेजारी उघडून ठेवा.

पाचवी पायरी: स्वतःचा कॅमेरा, ज्याच्याकडे असेल त्याने

दुर्बीण आणि ग्रहांचे फोटो काढायचा कॅमेरा असेल तर ८५० नॅनोमीटरच्या पुढचाच प्रकाश सोडणारा फिल्टर घ्या. सिलिकॉनचा सेन्सर १ मायक्रॉनच्या आसपासपर्यंत बघू शकतो. रस्त्यावरचे पांढरे एलईडी दिवे या प्रदेशात जवळजवळ काहीच उजेड टाकत नाहीत, म्हणून शहरातून काढलेल्या फोटोत आकाश बरंच काळं येतं. मृगाच्या तेजोमेघाचा एक फोटो या फिल्टरने आणि एक साध्याने घ्या. मेघाची झालर विरते आणि आतले तारे पुढे येतात. फिल्टर नसेल तर ही पायरी सोडा, पुढचं काही अडत नाही.

सहावी पायरी: पावसातही चालणारी दुर्बीण

आकाशगंगेचा सर्वांत दाट भाग संध्याकाळी नीट वर येतो तो पावसाळ्यात, आणि नेमका तेव्हा कोकणावर ढगांचा पडदा असतो. याला उत्तर रेडिओ आहे.

हायड्रोजनचा अणू २१ सेंटीमीटरच्या लहरी सोडतो, म्हणजे १४२०.४ मेगाहर्ट्झ. हे होईल असं भाकीत व्हॅन डे हुल्स्टने १९४४ मध्ये केलं आणि १९५१ मध्ये इवेन आणि पर्सेल यांनी ते ऐकलं. ताऱ्यांचे मेघ ज्या कच्च्या मालातून घट्ट होतात तो हा वायू. मेघाच्या गाभ्यात अणू जोडीने रेणू बनतात आणि हायड्रोजनचा थंड रेणू गप्प असतो, तिथे शास्त्रज्ञ कार्बन मोनॉक्साइडच्या २.६ मिलिमीटर लहरी वापरतात. ते घरी जमत नाही. २१ सेंटीमीटर मात्र जमतं.

लागतं ते असं: साधारण १६.५ बाय १० सेंटीमीटर तोंडाचा चौकोनी पत्र्याचा डबा (थिनरचा चालतो), जाड पुठ्ठा, स्वयंपाकाची अॅल्युमिनियम फॉइल, एसीच्या डक्टला लावतात ती अॅल्युमिनियम टेप, ५ सेंटीमीटर तांब्याची तार, एसएमए कनेक्टर, हायड्रोजनच्या वारंवारितेसाठी बनवलेला फिल्टरसह अॅम्प्लिफायर आणि आरटीएल-एसडीआर नावाचा यूएसबी रिसीव्हर. शेवटच्या दोन वस्तूंवरच खरा खर्च होतो. कनेक्टर, तारा, अॅडॉप्टर लॅमिंग्टन रोडला मिळतात.

डब्याचं एक तोंड कापून काढा. बंद तळापासून ७ सेंटीमीटरवर, रुंद बाजूच्या बरोबर मध्यावर भोक पाडून कनेक्टर बसवा आणि तार आत उभी राहू द्या. हे ७ सेंटीमीटर का? डब्याच्या आत लहर मोकळ्या हवेपेक्षा लांब होते, २१ ची सुमारे २७ सेंटीमीटर, आणि तिचा चौथा हिस्सा तेवढा येतो. डबा वेगळ्या मापाचा असेल तर हे अंतर नव्याने काढावं लागेल. उघड्या तोंडाला पुठ्ठ्याचे चार पंख लावून नरसाळं करा, पुढचं तोंड ७५ बाय ६० सेंटीमीटर, पंखांची लांबी ७० च्या आसपास. आतून फॉइल चिकटवा आणि प्रत्येक सांधा टेपने असा जोडा की फॉइलला फॉइल आणि फॉइलला पत्रा खरोखर टेकेल. नुसता डिंक मधे राहिला तर वीज तुटते. सगळ्यात जास्त काम या सांध्यांतच बिघडतं. मल्टिमीटरने तपासा.

अॅम्प्लिफायर थेट डब्याच्या कनेक्टरलाच लावा, मधे लांब केबल नको, नाहीतर केबलचा स्वतःचा आवाज आधी मिसळतो. त्याला वीज रिसीव्हरमधून पाठवायची सोय चालू केलीय का ते पाहा.

आता दोन मापं घ्या. पहिलं, नरसाळं आकाशगंगेपासून दूरच्या आकाशाकडे रोखून रिसीव्हरच्या आलेखाची (कुठल्या वारंवारितेला किती जोर) पाच मिनिटांची सरासरी. दुसरं, आकाशगंगेकडे रोखून तेवढीच. दुसऱ्याला पहिल्याने भागा. फिल्टरचा स्वतःचा आकार निघून जातो आणि १४२०.४ च्या आसपास उंचवटा उरतो. उंचवटा बाजूला सरकलेला असेल तर तो वायूचा वेग: दर सेकंदाला १ किलोमीटरमागे सुमारे ४.७ किलोहर्ट्झ. वायू जवळ येत असेल तर वारंवारिता वाढते, दूर जात असेल तर घटते. पृथ्वीच्या सूर्याभोवतीच्या फेरीमुळे वर्षभरात हा आकडा थोडा पुढेमागे होत राहतो, त्यामुळे तारीख लिहायला विसरू नका.

आपल्या अक्षांशाची एक सोय आहे. नरसाळं सरळ माथ्याकडे रोखून सोडून दिलं तर पृथ्वी फिरताना आकाशगंगेचा पट्टा दिवसातून दोनदा त्याच्या समोरून जातो. एकदा मिथुनेच्या पायांजवळ, जानेवारीच्या मध्याला रात्री सव्वाअकराच्या सुमारास. दुसऱ्यांदा शर नावाच्या छोट्या तारकासमूहाजवळ, जुलैच्या मध्याला मध्यरात्रीनंतर पाऊणच्या सुमारास. नरसाळ्याची नजर २० अंशांएवढी रुंद असल्याने मिनिटामिनिटाचा हिशेब लागत नाही. मिथुनेकडे आपण आकाशगंगेच्या केंद्राच्या जवळपास विरुद्ध दिशेला बघतो. तिथला वायू आपल्या नजरेला आडवा फिरतो, म्हणून एकच अरुंद सुळका मिळतो. शराकडे नजर तिरकी आत जाते, वेगवेगळ्या अंतरावरचा वायू वेगवेगळ्या वेगाने फिरताना सापडतो आणि उंचवटा पसरतो, कधी त्याला दोन-तीन शेंडे फुटतात.

हीच वारंवारिता नारायणगावजवळ खोडदला जीएमआरटी या मोठ्या रेडिओ दुर्बिणीच्या ४५ मीटरच्या ३० तबकड्या ऐकू शकतात. माळशेज घाट ओलांडून ओतूर-आळेफाट्यावरून तिथे जाता येतं, आणि राष्ट्रीय विज्ञान दिनाच्या सुमारास भरणाऱ्या प्रदर्शनाला जरूर जावं. घरचं नरसाळं बनवून गेलात तर तिथले फलक वेगळेच वाचता येतात.

पावसाळ्यासाठी नरसाळ्याच्या तोंडावर साधा प्लास्टिकचा कागद ताणून बांधा. रेडिओ लहरी त्यातून सहज जातात. पाणी साचू नये म्हणून कागद मधे थोडा उचललेला हवा, आणि कनेक्टरचा सांधा रबराच्या टेपने गुंडाळून खाली तोंड करून ठेवा. माझ्या पहिल्या नरसाळ्याच्या सांध्यात पाणी शिरलं तेव्हा आठवडाभर आलेख सपाट येत राहिला आणि मी सॉफ्टवेअरमध्ये चूक शोधत बसले होते. गेल्या वर्षी जुलैत मात्र बाहेर धो धो पाऊस, गच्चीचा दरवाजा अर्धा उघडा, जिन्यात लॅपटॉप मांडीवर घेऊन बसले होते. साडेबारानंतर सरासरीची रेघ हळूहळू उचलली गेली आणि पाऊण वाजेपर्यंत तिला दोन शेंडे आले होते.